हिवाळ्यात पाय गार का पडतात?

भिलाईचे नाव निघाले की प्रथम आठवते ती धग. झोतभट्टीतून बाहेर पडणाऱ्या लोहरसाचे तापमान १,४५० ते १,५०० अंश सेल्सिअसच्या घरात असते. रात्री भट्टीचे तोंड फोडले म्हणजे त्या रसाचा तांबूस उजेड आकाशात पसरलेला दिसतो. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि तेव्हापासून देशभरातील आगगाड्या भिलाईच्या रुळांवरून धावत आल्या आहेत. अशा या अग्नीच्या गावी डिसेंबर-जानेवारीत घरोघर ऐकू येणारी तक्रार मात्र अगदी उलट जातीची असते. अंगावर रजई आहे, डोक्याला मफलर आहे, तरी पाय काही केल्या गरम होत नाहीत.

या तक्रारीला हसण्याचे कारण नाही. दुर्ग-भिलाईचा हिवाळा काश्मीरचा नव्हे हे खरे. परंतु या प्रदेशातील थंडीचा स्वभाव फसवा आहे. दुपारी पारा २७-२८ अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे तोच दहा-बारा अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली, उतरतो. पश्चिमेकडील नागपूर शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश इतके नीचांकी तापमान नोंदले गेले होते. भोसल्यांच्या राज्यापासून नागपूर, भंडारा या भागांतून छत्तीसगडात येऊन राहिलेली मराठी कुटुंबे ही थंडी ओळखून आहेत. येथील घरे बांधली जातात ती उन्हाळ्याचा विचार करून. छत उंच, खिडक्या मोठ्या, जमीन सिमेंटची किंवा फरशीची. मे महिन्यात जी फरशी पायांना सुख देते, तीच जानेवारीच्या पहाटे वैरीण होते.

परंतु फरशी हे निम्मेच कारण आहे. उरलेले निम्मे शरीराच्या आत आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय उपायाची दिशा सापडत नाही.

मनुष्यदेह ही एक संथपणे जळणारी भट्टीच होय. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस अन्नाच्या ज्वलनातून सुमारे ८० ते १०० वॉट इतकी उष्णता सतत निर्माण करीत असतो. हृदय, यकृत, मेंदू यांसारख्या अवयवांचे कार्य सुमारे ३७ अंश तापमानालाच नीट चालते. त्यात एक-दोन अंशांचा फरक पडला तरी शरीराला ते सोसत नाही. त्वचेला व हातापायांना असे बंधन नाही. थंड खोलीत अनवाणी बसलेल्या माणसाच्या पायांच्या बोटांचे तापमान वीस अंशांच्या आसपास आले तरी बोटांना इजा होत नाही. म्हणून बाहेर थंडी पडली की शरीर एका कसलेल्या गृहिणीप्रमाणे वागते. कोठीघरातला साठा जपावयाचा असेल तर ओसरीवरचा दिवा आधी विझविते. पाय हे शरीराचे ओसरीचे टोक आहे.

हा दिवा विझविण्याची यंत्रणा मोठी चतुर आहे. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी म्हणतात आणि ते परत आणणाऱ्या वाहिन्यांना नीला. या दोहोंच्या मध्ये सामान्यतः अतिसूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे असते. परंतु तळहात, तळपाय, बोटे, कानांची पाळी आणि नाकाचा शेंडा एवढ्या मोजक्या ठिकाणी रोहिणी व नीला यांना थेट जोडणारे आखूड, जाड स्नायूंचे दुवे आढळतात. हे दुवे उघडले की ऊन रक्ताचा लोंढा त्वचेखाली येतो आणि उष्णता बाहेर टाकली जाते. ते मिटले की रक्त आडवाटेने न जाता आतल्या आतच फिरते. मेंदूच्या तळाशी अधोथॅलॅमस नावाचे केंद्र आहे. ते शरीराच्या तापमानावर नजर ठेवते आणि अनुकंपी मज्जातंतूंच्या द्वारे या दुव्यांना उघडण्या-मिटण्याच्या आज्ञा देते. मज्जातंतूंचा उष्णतेशी असा संबंध आहे हे १८५१ मध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांच्या प्रयोगाने उघड झाले. सशाच्या मानेतील एका बाजूचा अनुकंपी मज्जातंतू त्यांनी कापला. मज्जातंतू तुटला म्हणजे कान थंड पडेल असा तर्क करणे कोणालाही सोपे वाटले असते. घडले ते उलट. त्या बाजूचा कान रक्ताने भरून आला आणि दुसऱ्या कानापेक्षा स्पष्टपणे गरम लागू लागला. म्हणजे तो मज्जातंतू कानाला ऊब पुरवीत नव्हता. ऊब अडवून धरणारा पहारेकरी तोच होता.

पायाच्या बाबतीत आणखी एक युक्ती योजलेली आहे. पोटरीच्या खोल भागात रोहिणी व नीला एकमेकींना बिलगून धावतात. खाली जाणारे ऊन रक्त आपली उष्णता वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच देऊन टाकते. त्यामुळे पावलापर्यंत पोहोचणारे रक्त आधीच कोमट झालेले असते, आणि हृदयाकडे परतणारे रक्त अगदी गार राहत नाही. तळ्याच्या थंड पाण्यात तासन्‌तास उभा राहणारा बगळा याच युक्तीवर तगतो. झोतभट्टीच्या शेजारी उभ्या असणाऱ्या उंच स्टोव्हांचेही काम याच हेतूचे आहे. भट्टीतून निघणारा वायू वाया न घालवता तो जाळून विटा तापवावयाच्या, आणि भट्टीत शिरणारी हवा त्या विटांवरून नेऊन ऊन करावयाची, ही कल्पना एडवर्ड काउपर या इंग्रज अभियंत्याने १८५७ मध्ये मांडली. रीत निराळी, काटकसर तीच.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे पहिला उपाय आपोआप कळतो, आणि तो बहुतेकांच्या कल्पनेत नसतो. पाय गार पडले की लोक पायांकडेच पाहतात. वास्तविक अधोथॅलॅमसने हुकूम सोडलेला असतो तो पाठ, पोट, मान आणि डोके यांच्या गारठ्यावरून. धड गारठलेले असेल तर पायांत दोन जोड मोजे चढवूनही रक्त तेथे उतरणार नाही. आणि मोजा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, असलेली तेवढी राखतो. याचा प्रत्यय १९३२ मध्ये अमेरिकेत जॉन गिबन आणि यूजीन लँडिस यांनी एका साध्या प्रयोगाने आणून दिला. त्यांनी गार खोलीत बसविलेल्या माणसांचे हात कोपरापर्यंत ऊन पाण्यात बुडविले. पायांना काहीच केले नाही. काही वेळाने त्यांच्या पायांच्या बोटांचे तापमान भराभर चढू लागले. हातांत तापलेले रक्त मेंदूतील केंद्रापर्यंत पोहोचले, केंद्राला पुरेशी ऊब असल्याची वर्दी मिळाली आणि त्याने पायांवरचा पहारा उठविला. पायांच्या रक्तवाहिन्या रोगाने बंद झाल्या आहेत की केवळ आकसल्या आहेत, हे ओळखण्यासाठी ही रीत उपयोगी पडली. यातील गिबन हे तेच, ज्यांनी पुढे १९५३ मध्ये हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली.

तेव्हा गार पायांवरचा उपाय बंडी, स्वेटर आणि कानटोपी यांपासून सुरू होतो. त्याच्या जोडीला चालणे. पोटरीचा स्नायू आकुंचन पावताना उष्णताही निर्माण करतो आणि नीलांमधील रक्त वरही ढकलतो. खुर्चीवर पाय लोंबते ठेवून दोन-तीन तास बसणाऱ्या कारकुनाचे किंवा अभ्यासात गढलेल्या विद्यार्थ्याचे पाय स्वयंपाकघरात वावरणाऱ्या आजीच्या पायांपेक्षा गार आढळतात, याचे कारण वय नव्हे, बैठक होय.

आता फरशीविषयी. पहाटेच्या वेळी खोलीतील फरशी, लाकडी पाट आणि सुतळीचे गोणपाट या तिन्हींचे तापमान तापमापकाने मोजले तर ते जवळजवळ सारखेच भरते. तरीही फरशी झोंबते आणि गोणपाट झोंबत नाही. फरशी ही उष्णतेची बऱ्यापैकी वाहक आहे. ती तळव्याची ऊब झपाट्याने ओढून घेते. गोणपाटाच्या धाग्यांत हवा अडकलेली असते, आणि स्थिर हवेइतका उष्णतेचा मंदवाहक रोजच्या वापरात दुसरा क्वचितच सापडेल. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. लोकर, कापूस, नमदा, गवत ही सगळी मुळात हवा कोंडून ठेवण्याची साधने आहेत. भिलाईच्या उभारणीसाठी आलेल्या सोव्हिएत तज्ज्ञांच्या देशात वालेंकी नावाचे जाड नमद्याचे बूट घालून लोक बर्फातून हिंडतात. छत्तीसगडचा शेतकरी अंथरुणाखाली पैरा पसरतो. भंडारा-गोंदियाकडे त्यालाच तणस म्हणतात. धानाच्या पोकळ काड्यांमध्ये कोंडलेली हवा आणि वालेंकीच्या नमद्यात कोंडलेली हवा, दोहोंचा गुण एकच. वालेंकीला पैसे पडतात, तणसाला पडत नाहीत, एवढाच काय तो भेद.

कोंडलेल्या हवेचे दोन शत्रू आहेत: दाब आणि ओल. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की लोकर दबते, हवा निघून जाते आणि वर रक्तप्रवाहालाही अडथळा होतो. एका सैल मोज्याने जे साधते ते दोन आवळ मोज्यांनी बिघडते. ओलीचा प्रश्न भिलाईत विशेष महत्त्वाचा आहे. भट्टीजवळ किंवा रूळ लाटण्याच्या गिरणीत काम करणाऱ्या कामगाराचे पाय जाड सुरक्षा-बुटांत घामाने भिजतात. तळव्याच्या एकेका चौरस सेंटिमीटरात शेकडो घर्मग्रंथी असतात, आणि एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. रात्रपाळी सुटल्यावर तोच कामगार ओल्या मोज्यांनिशी सायकलीवर किंवा स्कूटरवर बसून पहाटेच्या वाऱ्यातून घराकडे निघतो, तेव्हा सर्वांत गरम जागेतून आलेल्या माणसाचे पाय सर्वांत गार का, याचे कोडे उरत नाही. कोरड्या मोज्यांचा एक जोड डब्याच्या पिशवीत ठेवणे हा यावरचा उपाय. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही लगेच ओली लागत नाही. सुती मोजा भिजला की पायाला चिकटून बसतो.

स्त्रियांचे हातपाय पुरुषांपेक्षा अधिक गार पडतात, हा घरोघरचा अनुभव मोजमापांनीही खरा ठरला आहे. उष्णता निर्माण करणारे स्नायू त्यांच्या देहात प्रमाणाने कमी असतात, आणि स्त्रीसंप्रेरकांचा रक्तवाहिन्यांच्या आकुंचनावर परिणाम होतो. पहाटे उठून गार पाण्यात भांडी घासणे, अनवाणी फरशीवर उभे राहणे हेही बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. ही गोष्ट शरीरशास्त्राच्या पुस्तकांत नसली तरी खरी आहे. परंतु यामागे आणखी एक कारण दडलेले असते, आणि लोहाच्या या नगरीत ते विशेष खटकते. ते कारण म्हणजे रक्तातील लोहाची उणीव.

प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरात लोह असते ते अवघे तीन-चार ग्रॅम, एका खिळ्याएवढे. त्यातील बहुतेक भाग रक्तातील हीमोग्लोबिनमध्ये असतो आणि प्राणवायू वाहून नेण्याचे काम करतो. लोह कमी पडले की प्राणवायू कमी पोहोचतो, ज्वलन मंदावते. शिवाय अवटू ग्रंथीचे, म्हणजे देहभट्टीचा वेग ठरविणाऱ्या ग्रंथीचे, कार्यही शिथिल होते. १९९० मध्ये अमेरिकेतील जॉन बिअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांडुरोग झालेल्या स्त्रियांना २८ अंशांच्या, म्हणजे केवळ किंचित गार अशा, पाण्यात बसविले. निरोगी स्त्रियांच्या मानाने त्यांच्या शरीराचे तापमान अधिक उतरले. लोहाच्या गोळ्या दिल्यावर हा फरक बराच भरून निघाला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना पांडुरोग असल्याचे दिसले. छत्तीसगडात हे प्रमाण दहांत सहांच्या आसपास होते. दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून लोहखनिजाच्या मालगाड्या ज्या घरांवरून भिलाईकडे जातात, त्या घरांतील बायकांच्या रक्तात एक खिळा पुरता भरत नाही. पाय सतत गार, दम लवकर लागतो, पापणीच्या आतील बाजू फिकट, अशी लक्षणे असतील तर मोज्यांचा विचार नंतर करावा. आधी रक्त तपासून घ्यावे. पांडुरोग नसतानाही थंडी सोसेनाशी झाली, वजन वाढू लागले, आवाज जड झाला, तर अवटू ग्रंथीची तपासणी आवश्यक ठरते.

पायांना ऊब देण्याचा छत्तीसगडातील जुना मार्ग म्हणजे गोरसी. मातीच्या या पसरट भांड्यात निखारे ठेवून घरातील माणसे भोवती बसतात. बाळ-बाळंतिणीला शेक देण्यासाठीही तिचा उपयोग होतो. उघड्या अंगणात गोरसीसारखे सुख नाही. बंद खोलीत मात्र ती प्राणघातक ठरते. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हीमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच त्याचे रक्त निकामी होते. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची पूर्वलक्षणे. पण झोपेत ती कोणाला कळावीत? दारे-खिडक्या लावून गोरसीशेजारी निजलेली कुटुंबे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या उत्तर हिंदुस्थानातून दर हिवाळ्यात येतात. गोरसी झोपण्यापूर्वी खोलीबाहेर गेलीच पाहिजे.

दुसरा धोका अधिक मूक आहे. मधुमेह दीर्घकाळ राहिला की पायांचे मज्जातंतू क्षीण होतात. कुष्ठरोगातही तसेच घडते. अशा माणसाला पाय गार असल्याचा भास होतो, मात्र हात लावून पाहिले तर ते ऊनच असतात. तो पाय निखाऱ्यांजवळ नेतो किंवा उकळत्या पाण्याची रबरी पिशवी तळव्यांना लावून निजतो. चटका त्याला कळत नाही. सकाळी फोड दिसतो, फोडाची जखम होते, आणि पायाची जखम मधुमेह्याला किती महाग पडते हे शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेले नातेवाईक जाणतात. ज्यांच्या पायांना स्पर्श नीट कळत नाही त्यांनी निखारा व ऊन पिशवी दोन्ही वर्ज्य करावीत. पाणी वापरावयाचेच तर त्याचा अंदाज घरातील दुसऱ्या माणसाने आपल्या कोपराने घ्यावा.

निरोगी माणसानेही गारठलेले पाय एकदम आगीजवळ नेऊ नयेत. सर टॉमस लुइस यांनी १९३० मध्ये दाखविले की बर्फाच्या पाण्यात बोट बुडविले असता आधी ते पांढरे पडते आणि दुखते. परंतु पाच-दहा मिनिटांनी आकसलेल्या वाहिन्या आपोआप उघडतात, बोट लाल व ऊन होते, पुन्हा आकसते, पुन्हा उघडते. ऊतींना इजा होऊ नये म्हणून शरीर स्वतःच असा आळीपाळीचा पुरवठा करते. गारठ्यातून झपाट्याने उष्णतेत नेलेल्या काही जणांच्या बोटांवर लाल, खाजरी सूज येते व ती दिवसेंदिवस टिकते. कोरडे करून, सुती कापडात गुंडाळून, हळूहळू तापविणे हाच मार्ग बरा.

येथवर सांगितलेले गार पाय बहुतांशी निरुपद्रवी. काही पाय मात्र निराळी वार्ता सांगत असतात. थंडी लागताच बोटे आधी पांढरीफटक, मग निळसर आणि शेवटी लाल होत असतील तर तो १८६२ मध्ये मोरीस रेनो यांनी वर्णिलेला विकार असू शकतो. एकच पाय गार, दुसरा नाही. थोडे चालल्यावर पोटरी आवळून येते, उभे राहिले की थांबते. पावलाच्या पाठीवरची नाडी बोटांना लागत नाही, ही खूण त्याहून गंभीर. तरुण पुरुष आणि बिडी-सिगारेटचे व्यसन असे जेथे एकत्र येते तेथे न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये सविस्तर मांडलेल्या रोगाची शंका घ्यावी लागते. त्यात पायांच्या वाहिन्या सुजून बंद होत जातात आणि अखेर बोटे, कधी सबंध पाऊल, कापावे लागते. छत्तीसगड व गोंदियाच्या जंगलांतून टेंभुर्णीची पाने गोळा करून ज्या बिड्या वळल्या जातात, त्या अनेकांच्या पायांतून असा दाम वसूल करतात. तंबाखू पूर्णपणे सोडली तर रोग बहुधा थांबतो. दिवसाकाठी एक बिडी चालू ठेवली तरी तो थांबत नाही.

आणि शेवटी या प्रदेशाचा स्वतःचा म्हणावा असा रोग: सिकल सेल. १९१० मध्ये शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्या. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग व सहकाऱ्यांनी हा हीमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे दाखविले. भारतात १९५२ मध्ये नीलगिरीतील आदिवासींत तो प्रथम नोंदला गेला. विदर्भ, छत्तीसगड, ओडिशा या पट्ट्यात तो विस्तृत पसरलेला असून काही समाजांत दहांपैकी एक किंवा त्याहून अधिक माणसे त्याची वाहक आहेत. वाहकाला बहुधा काही त्रास होत नाही. परंतु आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो.

अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी प्राणवायू गमावताच ताठर होतात व विळ्याप्रमाणे वाकतात. निरोगी माणसात थंडीने वाहिन्या आकसल्या तर रक्त संथ होते, एवढेच. येथे संथ झालेले रक्त प्राणवायूविना अधिक काळ रेंगाळते, पेशी वाकतात, एकमेकींत अडकतात आणि वाट बंद होते. मग हातापायांत, पाठीत, छातीत असह्य वेदना उठतात. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांच्या हातापायांची पाठ एकाएकी सुजते. अनेकदा रोगाची हीच पहिली खूण असते. जी काटकसर इतरांच्या देहात शहाणपणाची, ती या मुलांच्या देहात घातक ठरते.

शाळांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. हिवाळ्याच्या सकाळी मैदानावर न उतरणारा, पाय दुखतात म्हणून भिंतीला टेकून बसणारा मुलगा आळशीच असतो असे नाही. त्याला अनवाणी कवायतीला उभे करणे किंवा गार पाण्यात उतरविणे म्हणजे त्याला दवाखान्याच्या वाटेला लावणे होय. ऊबदार कपडे, मोजे, भरपूर पाणी आणि तापाकडे त्वरित लक्ष ही या मुलांची रोजची औषधेच समजावीत. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. रक्ताची प्राथमिक चाचणी सोपी व स्वस्त आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात आदिवासीबहुल भागांतील तपासणीवर आणि विवाहापूर्वीच्या सल्ल्यावर भर दिला आहे.

गार पायांनी पडसे होते या आजीबाईंच्या समजुतीची वैद्यकाने बराच काळ थट्टा केली. पडसे विषाणूंनी होते, गारठ्याने नव्हे, असे उत्तर ठरलेले असे. २००५ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथे १८० जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी वीस मिनिटे थंड पाण्यात पाय ठेवले, उरलेले रिकाम्या भांड्यात पाय ठेवून बसले. पुढील चार-पाच दिवसांत पहिल्या नव्वदांपैकी १३ जणांनी आणि दुसऱ्या नव्वदांपैकी ५ जणांनी आपल्याला पडसे झाल्याचे सांगितले. पाय गारठले की नाकातील वाहिन्याही आकसतात व आधीच नाकात असलेल्या विषाणूंचे फावते, असे संशोधकांचे अनुमान होते. आकडे लहान आहेत आणि ते रुग्णांच्याच सांगण्यावर आधारलेले आहेत. तथापि आजीला आता अगदीच खोटे पाडता येत नाही.

निद्रेच्या बाबतीत मात्र पुरावा अधिक बळकट आहे. झोप लागण्यापूर्वी शरीराचे आतील तापमान किंचित उतरावे लागते, आणि ती उष्णता बाहेर पडण्याची दारे म्हणजे हातापायांतील तेच उघडमीट करणारे दुवे होत. १९९९ मध्ये बाझेल येथील कुर्ट क्रॉयखी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ज्यांचे हातपाय ऊन असतात त्यांना झोप लवकर लागते. तेव्हा निजण्यापूर्वी दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवणे, बोटांच्या बेचक्यांसकट ते कोरडे पुसणे आणि सैल लोकरी मोजे घालणे याला शास्त्राचा आधार आहे.

गिबन व लँडिस यांचा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत जानेवारीच्या सकाळी सहज करता येण्याजोगा आहे. सिकल सेल किंवा अन्य विकार नसलेल्या विद्यार्थ्याला स्वेटर काढून, अनवाणी, पाय गोणपाटावर ठेवून बाकावर बसवावे. तापमापकाचा फुगा पायाच्या अंगठ्याच्या तळाशी धरून त्यावर कापसाचा बोळा चिकटपट्टीने बसवावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. मग त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोसेल इतक्या ऊन, सुमारे ४२ अंशांच्या, पाण्यात बुडवावेत; पाणी निवेल तसे वरून थोडे ऊन पाणी घालीत जावे. दर दोन मिनिटांनी अंगठ्याचे तापमान फळ्यावर लिहावे. पहिली काही मिनिटे आकडा हलणार नाही. पाव तास ते अर्ध्या तासाच्या आत तो चढू लागेल, आणि ज्याचे पाय कोणी तापविले नाहीत त्या विद्यार्थ्याला अंगठ्यात मुंग्या आल्यासारखे वाटेल.